किमोथेरपी व इतर औषधांमुळे नखांचा रंग बदलणे

निशिगंधा_प

माझ्या सासूबाईंवर स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेआधीची किमोथेरपी चालू आहे. सुरुवातीचे डोस रुग्ण ज्याला 'लाल औषध' म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनचे आणि त्यासोबत सायक्लोफॉस्फमाइडचे होते. आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल दिले जाते. केस जातील, मळमळेल, तोंड येईल, हे सगळे आम्हाला आधीच सांगितले गेले होते आणि त्याची मनाची तयारीही झाली होती. नखांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नव्हते. त्यामुळे लाल औषधाचे डोस चालू असताना हाताच्या दहाही नखांवर तपकिरी-काळे पट्टे दिसू लागले तेव्हा घरात मोठी घबराट झाली. आता पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यापासून काही नखांची टोके खालच्या कातडीपासून सुटल्यासारखी दिसतात, तो भाग नारिंगी-तपकिरी झाला आहे आणि अंगठ्याला हात लावला तरी दुखते.

शेजारच्या काकू बुरशी म्हणतात, एका नातेवाइकांच्या मते 'औषधाचे विष नखांतून बाहेर पडते आहे', आणि सासूबाई स्वतः चार माणसांत हात पदराखाली लपवतात. परवा तर 'उरलेले डोस नकोत' असे त्या म्हणाल्या. केस गेल्यावरही त्यांनी हा शब्द काढला नव्हता, म्हणून मला नखांचा विषय किरकोळ वाटत नाही. हे बदल नेमके कशामुळे होतात, कोणते आपोआप जातात आणि कशासाठी डॉक्टरांकडे धावले पाहिजे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि कर्करोग विभागाकडून असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, परंतु आपण केलेले वर्णन या दोन औषधगटांच्या परिणामांशी चांगले जुळते, आणि हे दोन परिणाम मुळात एकमेकांपासून वेगळे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे.

नखाचा रंग बदलला असे आपण म्हणतो तेव्हा तो रंग तीन ठिकाणी असू शकतो: नखाच्या कडक थरात, त्याच्या खालच्या कातडीत, किंवा नुसता पृष्ठभागावर. पहिला प्रकार डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड, ब्लिओमायसिन, फ्लुरोयुरॅसिल आणि त्याच कुळातील कॅपेसिटाबिन यांच्या बाबतीत वारंवार दिसतो. नखाच्या मुळाशी, म्हणजे कातडीच्या घडीखाली जिथे नख तयार होते तिथे, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. एरवी त्या बव्हंशी निद्रिस्त असतात. औषधाने त्या जाग्या झाल्या की तयार होणाऱ्या नखातच रंगद्रव्य मिसळते. मागावर कापड विणताना मध्येच रंगीत धागा घातला तर तो पट्टा कापडाबरोबर पुढे सरकत जातो, तसेच हे आहे. पेशींचा एखादाच पुंजका सतत रंग सोडत राहिला तर उभा पट्टा दिसतो, प्रत्येक डोसानंतर थोडे दिवस रंग सुटून थांबला तर आडवे पट्टे दिसतात, आणि काहींचे संपूर्ण नखच मुळाकडून काळपट होत येते. सावळ्या वर्णाच्या माणसांत या पेशी सहज जाग्या होतात, म्हणून आपल्याकडे हा परिणाम गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसतो. साधारणपणे उपचार सुरू झाल्यानंतर एक ते दोन महिन्यांनी तो लक्षात येतो. त्याने वेदना होत नाहीत, नख कमकुवत होतेच असे नाही, आणि औषध 'जास्त लागू पडले' किंवा 'अंगावर उलटले' असा कोणताही अर्थ त्यातून निघत नाही. विष बाहेर पडण्याचाही येथे काही संबंध नाही.

पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल यांचा परिणाम वेगळा. तेथे नख व त्याखालची कातडी यांचे बंध सुटतात, पोकळीत कधी रक्त साचते, त्यामुळे नारिंगी, लालसर किंवा तपकिरी छटा येते, आणि त्या पोकळीत पाणी व जंतू शिरले तर पू होतो. म्हणून पट्ट्यांकडे दुर्लक्ष केले तरी चालेल, परंतु दुखणाऱ्या अंगठ्याकडे करू नये. पुढच्या डोसाची वाट न पाहता आपल्या कर्करोगतज्ज्ञांना तो दाखवावा.

सह्यकडा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. एक शंका अशी की पांढऱ्या आडव्या रेषा आणि खाचा या कशात मोडतात? माझ्या भावाला रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत नखांवर एकाखाली एक अशा पांढऱ्या रेषा आल्या होत्या, आणि त्यांवरून तो स्वतःच 'हा पहिला डोस, हा दुसरा' असे मोजून दाखवत असे.

त्वचावैद्य

आपल्या भावाचे मोजणे शास्त्राला धरून होते. आडव्या खाचांचे वर्णन फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ साली केले आणि आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. नखाच्या मुळाचे काम काही काळ मंदावले किंवा थांबले की खाच पडते. तीव्र ताप, मोठे आजारपण किंवा किमोथेरपीचा डोस, कारण काहीही असू शकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणून मुळापासून ६ मिलिमीटरवर असलेली खाच साधारण दोन महिन्यांपूर्वीची समजावी. पायाचे नख महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, तेव्हा तेथे हेच गणित लावू नये.

पांढऱ्या रेषांत दोन प्रकार आहेत आणि ते घरीही ओळखता येतात. मीस या डच वैद्यांनी १९१९ मध्ये आर्सेनिकच्या विषबाधेत पाहिलेल्या रेषा नखाच्याच थरात असतात. त्या नखाबरोबर पुढे सरकतात आणि नख दाबले तरी तशाच राहतात. किमोथेरपीनंतरही तशाच रेषा येऊ शकतात, म्हणून त्या दिसताच कोणी विष घातल्याचा संशय घेण्याचे कारण नाही. म्यूर्के यांनी १९५६ मध्ये वर्णिलेल्या जोडरेषा मात्र नखाखालच्या कातडीतील बदलामुळे दिसतात. टोकाला दाब दिला की त्या पुसट होतात आणि नख वाढले तरी जागच्या हलत नाहीत. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन बरेच कमी झाले की त्या येतात, आणि काही रुग्णांत अल्ब्युमिन व्यवस्थित असूनही किमोथेरपीमुळे येतात. त्या दिसल्या तर रक्ततपासणीच्या कागदावरील अल्ब्युमिनच्या आकड्याकडे एकदा नजर टाकावी.

कोकणकडा_सुनील

आमच्याकडे आत्याची किमोथेरपी चालू असताना औषधाच्या दुकानदारांनी 'बुरशी आहे' म्हणून परस्पर इट्राकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या होत्या. आत्याने त्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्या तेव्हा त्यांनी लगेच बंद करायला सांगितल्या. बुरशीच्या साध्या गोळ्यांवर एवढा आक्षेप का असावा, हे आम्हाला कळले नाही.

अनघा_औषधशास्त्र

कारण त्या या परिस्थितीत साध्या राहत नाहीत. डोसिटॅक्सेल व पॅक्लिटॅक्सेल यांचे विघटन यकृतातील विशिष्ट विकरांकडून (एन्झाइमकडून) होते, आणि इट्राकोनॅझोल व किटोकोनॅझोल ही औषधे नेमक्या त्यांपैकी एका प्रमुख विकराला अडवतात. परिणामी किमोथेरपीचे औषध शरीरात अधिक काळ व अधिक प्रमाणात राहू शकते, आणि पांढऱ्या पेशी घटण्यासारखे त्याचे दुष्परिणाम वाढू शकतात. नखाची बुरशी ही अशी घाईची बाब कधीच नसते. नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी स्वस्त आहे आणि बहुतेक त्वचारोग विभागांत ती होते. ती होईपर्यंत गोळी घेऊ नये. दहाही नखे एकाच सुमारास व सारख्याच रीतीने बदलली असतील तर बुरशीची शक्यता मुळातच कमी असते. बुरशी सहसा एका-दोन नखांपासून, त्यातही पायाच्या अंगठ्यापासून सुरू होते.

झाडीपट्टी

कर्करोगाबाहेरचे एक उदाहरण देतो. मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, आणि ज्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया चालू आहे त्यांतील काहींच्या नखांवर काळसर उभे पट्टे स्पष्ट दिसतात. एका मुलीच्या आजीने हे पाहून 'रक्त काळे पडले' असे ठरवले आणि गोळ्या बंद केल्या. पुढे मुलीला हातापायांच्या असह्य वेदना होऊन दवाखान्यात ठेवावे लागले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तेव्हापासून तपासण्यांचे काम वाढले आहे. परंतु गोळी देताना 'नखे काळी होतील, घाबरू नका' हे एक वाक्य सांगितले जावे, असे मला कळकळीने वाटते.

त्वचावैद्य

आपले निरीक्षण अचूक आहे. हायड्रॉक्सियुरियामुळे येणारे पट्टे सर्वज्ञात आहेत. ज्यांना रक्तपेशी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकारांसाठी हेच औषध दीर्घकाळ दिले जाते त्या प्रौढांतही ते दिसतात. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात. तो फायदा नखाच्या रंगासाठी सोडण्यासारखा नाही. या औषधासाठी नियमित रक्ततपासणी मात्र आवश्यक असते. पेशी घटल्या आहेत का हे तपासणीतूनच कळते, नखाच्या रंगावरून ते ठरवता येत नाही.

जुना_कार्यकर्ता

कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामात माझी सारी नोकरी गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि १९८३ पासून तो आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आला. जास्त जंतू असलेल्या रुग्णांच्या पाकिटात क्लोफाझिमिन असते: महिन्यातून एकदा आमच्या समक्ष घ्यायचे ३०० मिलिग्रॅम, आणि घरी रोज ५० मिलिग्रॅम. या औषधाने अंगाची कांती तांबूस-तपकिरी ते काळपट होते, आणि काहींची नखेही तपकिरी होतात. कुष्ठरोग लपवण्याची धडपड आधीच चालू असते. त्यात चेहरा काळवंडला की गावात चर्चा सुरू होते आणि रुग्ण पाकीट घ्यायला येईनासा होतो. आम्ही घरोघर जाऊन समजावत असू की हा रंग औषधाचा आहे, रोगाचा नाही, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षाहून अधिक काळाने, तो उतरतो. ज्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितले होते ते टिकले. चेहरा काळवंडल्यानंतर सांगायला गेलो तर विश्वास बसवणे फार कठीण जाई, कारण तोवर रुग्णाने आपल्या मनाशी दुसरेच कारण पक्के केलेले असे.

एचआयव्हीच्या क्षेत्रातील सहकाऱ्यांकडूनही हेच ऐकले आहे. शासनाची मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हाच्या औषधांत झिडोव्यूडिन होते आणि त्याने नखांवर निळसर-तपकिरी पट्टे येत. आता त्याचा वापर बराच कमी झाला आहे.

मेघमल्हार२१

करोनाकाळात फॅविपिराविर घेतलेल्या काही लोकांची नखे पिवळसर झाली होती आणि निळसर-जांभळ्या दिव्याखाली ती चक्क चमकत, असे वाचले होते. ते खरे आहे का? शिवाय संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या माझ्या मावशीची नखे करडी झाली आहेत.

अनघा_औषधशास्त्र

दोन्ही खरे आहे. फॅविपिराविर घेतलेल्या रुग्णांची नखे व केस त्वचारोगतज्ज्ञांच्या वुड्स दिव्याखाली चमकत असल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत; त्याचा त्रास काही नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने नखे, नडगी आणि तोंडातील टाळू यांवर निळसर-करडा रंग येऊ शकतो. या औषधाबाबत खरी काळजी डोळ्यांच्या पडद्याची घ्यायची असते, तेव्हा मावशींची नियमित नेत्रतपासणी होते आहे ना, हे आपण पाहावे. मिनोसायक्लिन दीर्घकाळ घेतल्यास नखाच्या बुडाशी असलेली चंद्रकोर निळसर होते. डॉक्सिसायक्लिन घेत असताना कडक उन्हात राहिल्यास नख खालून सुटू शकते आणि दुखते. भातलावणीच्या किंवा समुद्रावरील कामाच्या दिवसांत हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप अवश्य सांगावे.

आरोग्यम्_धनसंपदा

एवढी चर्चा झाली, परंतु कोणी आयुर्वेदाचा उल्लेख केला नाही. रौप्य भस्म घेतले तर नखांना तेज येते असे आमच्या घरात पूर्वापार मानतात. किमोथेरपीच्या रुग्णांना ते द्यायला काय हरकत आहे?

त्वचावैद्य

हरकत आहे आणि ती मी स्पष्टपणे नोंदवतो. चांदी शरीरात साठत गेली तर त्वचा निळसर-करडी होते, नखाच्या बुडाची चंद्रकोरही निळी होते, आणि औषधामुळे जागी झालेली रंगद्रव्ये ओसरतात तसा चांदीचा रंग ओसरत नाही. तो बहुधा कायमचा असतो. म्हणजे ज्या कारणासाठी आपण ते सुचवता आहात त्याच्या नेमके उलटे होऊ शकते. शिवाय किमोथेरपी चालू असताना यकृत व मूत्रपिंडांवर आधीच भार असतो, त्यात धातूंची भर नको. आपण आयुर्वेदाचे वैद्य असाल तर माझ्याशी मतभेद ठेवण्यास मुक्त आहात, परंतु रुग्णाच्या कर्करोगतज्ज्ञांना न सांगता काहीही सुरू करू नये, एवढे तरी आपण दोघांनी मान्य करावे.

सह्यकडा

पृष्ठभागावरचा तिसरा प्रकार राहिला, असे वाटते.

त्वचावैद्य

बरोबर. हळद, मेंदी, तंबाखू, पोटॅशियम परमँगनेटचे पाणी, गडद नेलपॉलिश, आणि चेहऱ्यावरील डागांसाठी वापरतात ते हायड्रोक्विनोनचे मलम, या सगळ्यांनी नख बाहेरून रंगते. नख वाढत जाते तशी मुळाजवळ स्वच्छ नखाची पट्टी दिसू लागते. तिची आतली कड नखाच्या मागच्या कातडीच्या घडीला समांतर असेल तर डाग बाहेरचा समजावा. ती बुडाच्या चंद्रकोरीचा आकार घेत असेल तर कारण शरीराच्या आतले. बाहेरचा रंग सहसा खरवडला तर निघतो, अर्थात किमोथेरपीच्या रुग्णावर हा प्रयोग घरी करू नये.

नंदिनी_आपटेवाडी

माझ्या आईला डोसिटॅक्सेलच्या वेळी हातांना थंड मोजे घातले होते. खरोखर उपयोग होतो का, की नुसते समाधान?

अनघा_औषधशास्त्र

उपयोग होतो, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. फ्रान्समधील एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५ रुग्णांच्या उजव्या हाताला एकूण ९० मिनिटे गोठवलेला मोजा घातला गेला आणि डावा हात तुलनेसाठी उघडा ठेवला गेला. उघड्या हातात नखांचे विकार ५१ टक्के रुग्णांना झाले, मोजा घातलेल्या हातात ११ टक्क्यांना. एकाच माणसाचे दोन हात तपासल्यामुळे वय, आहार, डोस असे फरक आपोआप बाजूला पडतात, म्हणून मला हा अभ्यास विशेष आवडतो. थंडीने बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध नखाच्या मुळाशी कमी पोहोचते, असा त्यामागील तर्क आहे. घरून बर्फाच्या पिशव्या नेऊन थेट कातडीवर ठेवू नयेत, कातडी भाजल्यासारखी होते. ज्यांची बोटे थंडीने पांढरी-निळी पडतात त्यांनी हा उपाय टाळावा. बाकीच्यांनी डे-केअर विभागातील परिचारिकांना विचारावे. काही ठिकाणी हे मोजे उपलब्ध असतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

भूलशास्त्र_परिचारिका

निशिगंधाताई, सासूबाईंची शस्त्रक्रिया पुढे व्हायची आहे, म्हणून हे लिहिते. भूल देताना बोटाला लावलेला ऑक्सिमीटर लाल व अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवून रक्तातील प्राणवायू मोजतो. नख गडद झालेले असेल, त्याखाली रक्त साचलेले असेल किंवा वर मेंदी वा नेलपॉलिश असेल तर आकडा कधी चुकू शकतो किंवा येतच नाही. आम्ही अशा वेळी कमी रंगलेले बोट निवडतो, चिमटा बोटाला आडवा लावतो किंवा कानाच्या पाळीला लावतो. आपण फक्त एवढेच करायचे की भूलपूर्व तपासणीत नखांचा रंग किमोथेरपीमुळे बदललेला आहे हे आपणहून सांगायचे, कारण निळसर नख दिसले की डॉक्टरांच्या मनात प्रथम प्राणवायूच्या कमतरतेचा विचार येतो.

निशिगंधा_प

सर्वांचे आभार. अंगठा दाखवला, आत थोडा पू होता, तो काढला आणि प्रतिजैविक दिले. आता दोन प्रश्न आहेत. कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये, हे एकत्र कोणी सांगेल का? आणि घरात लग्न आहे, सासूबाईंना नखे झाकण्यासाठी नेलपॉलिश लावायचे आहे. लावू द्यावे का?

त्वचावैद्य

वेदना, दुर्गंध, पू, नखाच्या कडेची सूज म्हणजे आपण ज्याला नखुरडे म्हणतो ते, आणि नखाखाली वाढत जाणारे रक्त, यांसाठी त्याच दिवशी संपर्क साधावा. याबरोबर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना बोटाचा संसर्गही अंगभर पसरू शकतो.

याहून वेगळी एक गोष्ट आहे, आणि ती औषधाच्या नावावर खपून जाते म्हणून मुद्दाम लिहितो. दहा नखांपैकी एकाच नखावर काळा पट्टा असेल, तो मुळाकडे रुंद होत चालला असेल, त्याच्या कडा अस्पष्ट असतील किंवा काळेपणा नखाच्या बाहेर कातडीवर उतरला असेल, तर रुग्ण किमोथेरपीवर असला तरी नखाखालील मेलॅनोमाची, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची, शंका घेऊन तपासणी करावी लागते. महिन्यातून एकदा त्याच प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवला तर असा बदल लवकर कळतो.

बाकी नखांची काळजी साधी आहे. ती आखूड व सरळ कापावीत, सुटलेला भाग उपटू नये, त्याखाली काडी घालून साफ करू नये, भांडी घासताना आत सुती व वर रबरी हातमोजे घालावेत, आणि रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे. हाताची नखे पूर्ण बदलायला साधारण सहा महिने आणि पायाची एक ते दीड वर्ष लागेल, तेव्हा शेवटच्या डोसानंतर लगेच फरक दिसला नाही म्हणून सासूबाईंनी निराश होऊ नये.

नेलपॉलिश जरूर लावू द्या. कातडी फाटलेली किंवा नखात संसर्ग असलेले बोट सोडून द्यावे, काढताना ॲसिटोन नसलेले द्रावण वापरावे, आणि चिकटवायची कृत्रिम नखे मात्र टाळावीत, कारण ती काढताना मूळचे नख सुटून येते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते पुसून टाकायचे, एवढे लक्षात ठेवावे.